घोडीचा सलाम

डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र माझ्याकडे आलं तेव्हा आठवडाभर मी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. टॉर्चएवढं, एका हातात मावणारं. पुढच्या तोंडात टाचणीसारखी बारीक सळई बसवायची, तिच्या टोकाला प्लास्टिकचा मणी. बटण दाबलं की ती सळई डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला टेकते आणि लगेच मागे येते. हे इतकं हलक्यानं होतं की जनावराला पापणी मिटायचीही गरज वाटत नाही. सहा वेळा टेकून झालं की यंत्र हिशेब करून एक आकडा दाखवतं. आकडा फार वर गेला तर समजायचं की डोळ्यातलं पाणी आतच तुंबतंय, माणसांमध्ये ज्याला काचबिंदू म्हणतात तो प्रकार. असा डोळा ठणकतो, आंधळा होतो, आणि औषधानं दाब उतरलाच नाही तर तो काढून टाकणं हीच दया असते. हे शेवटचं वाक्य मी त्या दिवसांत फार वेळा बोलले.

पुसदला माझा जनावरांचा दवाखाना आहे, बाजारापासून थोडा आत. सुरुवातीची काही वर्षं लोक दारात उभं राहून 'डाक्टर साहेब कुठी गेले?' असं मलाच विचारायचे. मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. आईच्या मते हा राग मी जन्मताना घेऊन आले. माझ्या मते तो या प्रश्नातून आला. मी काही सांगितलं की समोरचा माणूस अजून चार जणांना विचारून यायचा, त्यातले दोन तर पानठेल्यावरचे असायचे. पण आकड्याशी कुणी हुज्जत घालत नाही. यंत्राची खिडकी समोर धरली की लोक गप्प बसायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांचं ते गप्प बसणं मला यंत्रापेक्षाही जास्त आवडायला लागलं होतं.

या यंत्राच्या भरवशावर मी पहिला डोळा काढला तो एका बैलाचा. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरचा बैल, डाव्या डोळ्यात बाभळीचा काटा गेलेला, डोळा पांढरा पडलेला. बैल शिंग उडवत होता म्हणून मालकानं त्याला लिंबाच्या बुंध्याशी अगदी खालून बांधला, नाकपुड्या मातीला लागतील असा. मी यंत्र लावणार इतक्यात तो म्हणाला, "म्याडम, गळ्याले फास बसून राह्यला त्याच्या. मान थोडी मोकळी करू काय?"

"बांधलेली राहू द्या," मी खेकसले. "हलला तर आकडा चुकेल."

आकडा आला चव्वेचाळीस, असायला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट. आठवडाभर थेंब टाकून पुन्हा त्याच लिंबाशी मोजला, तर सेहेचाळीस. मी डोळा काढला. जखम छान भरली, बैल पुन्हा औताला लागला, आणि मालकानं आजूबाजूच्या सगळ्या तांड्यांवर माझं नाव केलं. हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं असतं, तर वर्षभर मी याच बैलाचं नाव सांगितलं असतं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, ती घोडी आली.

पांढरीशुभ्र, वरातीची घोडी. मालक सत्तरीचे. त्यांच्या मुलांचं बसस्टँडजवळ गॅरेज आहे. मुलं दिवसभर गाड्यांखाली झोपलेली असतात, आणि हे एकटे घोडीचे. मी त्यांना चाचा म्हणायला लागले, ते मला पहिल्या दिवसापासून बेटी म्हणत होते. सोबत त्यांची थोरली सून होती, ठेंगणी आणि कमी बोलणारी. घोडीचं खाणंपिणं तीच पाहायची.

"वरातीत पोट्टे थो डब्यातला फेस उडवून राह्यले होते," चाचा म्हणाले. "डीजेपुढं नाचता नाचता एकानं तिच्या तोंडावरच मारला. तवापासून डोया असा आहे."

डावा डोळा निळसर दुधाळ झाला होता आणि त्यातून पाणी वाहत होतं. मी तो धुतला, जखम दाखवणारा हिरवा रंग टाकून पाहिला. पडद्यावर जखम होती. आठवडाभराचं औषध दिलं. सुनेनं ते घड्याळ लावून टाकलं आणि जखम भरली, पण निळसरपणा गेला नाही. जखम भरूनही डोळा निळा, म्हणजे आत दाब वाढलाय. माझ्या डोक्यात गणित लगेच जमलं. मी कपाटातून यंत्र काढलं.

घोडीच्या डोळ्याला हात लावायचा म्हणजे लाथ खायची तयारी ठेवावी लागते. मी चाचांना म्हटलं, "धरायला अजून दोन माणसं बोलवा."

"माणसं कायले लागते, बेटी?" असं म्हणून ते घोडीच्या पुढ्यात उभे राहिले, दोरी आखूड धरली आणि तळहात तिच्या कपाळावर ठेवला. "सलाम."

घोडीनं मान खाली घातली. खाली म्हणजे थेट त्यांच्या गुडघ्यापर्यंत, आणि उजवा गाल त्यांच्या मांडीला टेकवून ती पुतळ्यासारखी थांबली. नवरदेव मांडवाच्या दारात येतो तेव्हा बाया घोडीला भिजवलेली चण्याची डाळ खाऊ घालतात, तिच्या कपाळाला कुंकू लावतात. तिथं घोडीनं झुकून सलाम करायचा, ही चाचांच्या घोडीची खासियत होती. पुसदमध्ये दुसरी अशी घोडी नव्हती. शिंगरू होती तेव्हापासून त्यांनी तिला हे शिकवलं होतं.

"सलामात उभी असली का काई बी करा, हलत नाई थे," ते म्हणाले. त्यांना तिचा फार अभिमान होता.

मला तर सोन्याहून पिवळं झालं. मी जमिनीवर गुडघे टेकून बसले, अंगठ्यानं पापणी वर उचलून धरली, यंत्रावर घोड्याची खूण लावली आणि बटण दाबलं. सहा वेळा टिक टिक झालं. घोड्याचा आकडा तिशीच्या आत असावा लागतो. खिडकीत आला बेचाळीस.

"हे बघा," मी यंत्र चाचांपुढे धरलं.

ते गप्प झाले.

दाब उतरवायचे थेंब सुरू केले. चार दिवसांनी पुन्हा मोजला, एकेचाळीस. अजून चार दिवसांनी चव्वेचाळीस. दर वेळी तसंच. चाचा पुढ्यात उभे, तळहात कपाळावर, घोडी सलामात, आणि मी गुडघ्यांवर. उजवा डोळा चाचांच्या पायजम्यात लपलेला असायचा, त्याला यंत्र लावायचं माझ्या मनातही आलं नाही. दुखतोय तो डावा, मग उजवा कशाला मोजायचा? दवाखान्याच्या आवारात दुपारी पाय ठेववत नाही इतकी जमीन तापायची आणि घाम माझ्या पापण्यांवरून यंत्रावर पडायचा. तिसऱ्या वेळी उठताना मी ठरवलं होतं.

"चाचा, डोळा काढावा लागेल."

त्यांना आधी समजलंच नाही. मग ते म्हणाले, "काढा लागन म्हंजे?"

"म्हणजे काढायचा. औषधानं दाब उतरत नाही. डोळा आंधळा झालाय आणि आतून ठणकतोय. ती बोलत नाही म्हणून आपल्याला कळत नाही."

"पन तिले दिसते, बेटी."

"दिसत नाही." घोडी अजून सलामातच होती. मी तिच्या डाव्या डोळ्याकडे एकदम हात उगारला, अगदी थोबाडीत मारल्यासारखा, आणि ऐन वेळी थांबवला. तिची पापणी हलली नाही. "पाहा. दिसत असतं तर डोळा मिटला असता."

"गुयाचा खडा त्या बाजूनं दाखवला का पाह्यते ना थे. इचारा सुनेले."

"वासानं कळतं तिला."

"अन् एका डोयाच्या घोडीवर कोनता नवरदेव बसन? लोक अपशकुन मानते. दारात उभी करू देनार नाई तिले कोनी." त्यांचा आवाज चिरका झाला. "थे नाचल्याबिगर राहात नाई, बेटी. बँड वाजला का इकडं तबेल्यात पाय आपटते. तिले घरी बांधून ठेवली त मरन थे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सकाळपासून दोन म्हशी आणि एक चावरं कुत्रं झालं होतं, आणि आता पुन्हा तेच. मी इतकं मोजून दाखवायचं आणि समोरच्यानं गुळाच्या खड्याची गोष्ट सांगायची. "तुम्हाला घोडीचं दुखणं पाहायचंय की नवरदेवाचं?" मी म्हणाले. "तीन वेळा मोजलं तुमच्यासमोर. यंत्र खोटं बोलतंय का? दुखणारा डोळा ठेवण्यापेक्षा काढणं हीच दया असते."

सून खाली पाहत होती. चाचांनी घोडीच्या कपाळावरचा हात काढला, तशी तिनं मान वर घेतली.

"तुमी म्हंता त खरं असन," ते म्हणाले. बराच वेळ घोडीच्या आयाळीतून बोटं फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "पन कापाच्या टायमाले मी तिथं नाई थांबनार. माह्यानं पाह्यलं जानार नाई. सून थांबन."

मी परवाची सकाळ दिली.

त्या सकाळी सहाच्या आधीच ते आले. ऊन चढायच्या आत उरकावं असा माझा बेत होता. घोडीला उभीच ठेवून, गुंगीचं इंजेक्शन देऊन आणि डोळ्याभोवतीचा भाग बधिर करून हे करता येतं. हत्यारं उकळून ताटलीत मांडली होती. गुंगीचं औषध सिरिंजमध्ये भरून ठेवलं होतं. चाचांनी दोरी सुनेच्या हातात दिली, घोडीच्या मानेवर एकदा हात फिरवला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत फाटकाबाहेर गेले. बाहेरच्या दगडावर ते आमच्याकडे पाठ करून बसलेले मला दिसत होते.

घोडीलाही दिसत होते. तिनं मान ताठ वर केली होती, दोन्ही कान फाटकाकडे. सुनेनं दोरी ओढून पाहिली, पण ती खाली येईना.

"राहू दे," मी म्हटलं. कापायच्या आधी शेवटचा आकडा लिहून ठेवावा म्हणून मी यंत्र घेतलं. कुणी पुढे विचारलं तर कागदावर असावा. पण आज गुडघ्यावर बसून चालणार नव्हतं. घोडीचा डोळा माझ्या डोक्याच्याही वर होता. मी स्टूल ओढलं, त्यावर चढले, आणि तोल जाऊ नये म्हणून एका हातानं खिडकीचा गज धरला. त्यामुळे पापणी उचलायला हात उरला नाही. घोडीचा डोळा तसाही टक्क उघडा होता.

टिक टिक झालं. पंचवीस.

मी यंत्र झटकलं. सळई बदलली, नवी घातली. पुन्हा लावलं. चोवीस.

पहिला विचार आला तो असा, की यंत्र बिघडलं. दुसरा आला तो सांगायलाही लाज वाटते: बिघडलेलं असलं तर आजच बिघडलेलं असू दे. मी स्टुलावरून उतरले, स्टूल घोडीच्या उजवीकडे नेलं, चढले, आणि तिच्या चांगल्या डोळ्याला यंत्र पहिल्यांदा लावलं. तेवीस.

"काय झालं, म्याडम?" सून म्हणाली.

"काही नाही."

ताटलीत सिरिंज भरलेली होती. एवढं ते औषध दिलं असतं की मग थांबायचं काही कारण उरलं नसतं. मी मनाशी एकेक तपासायला लागले. थेंब रात्रीतून लागू पडले? आठ दिवस पडले नाहीत ते? सळई बदलून पाहिली. खूण घोड्याचीच होती. मग परवाचा आणि आजचा फरक काय? मी, यंत्र, घोडी, अंगण, सगळं तेच होतं. एक चाचा तेवढे नव्हते.

"त्यांना आत बोलाव," मी सुनेला म्हटलं.

ते डोळे पुसत आले. त्यांना वाटलं काम झालं. घोडीचे दोन्ही डोळे जागेवर पाहून ते थबकले. "काय झालं, बेटी?"

"काही विचारू नका. नेहमीसारखं उभे राहा."

ते पुढ्यात उभे राहिले. त्यांनी सलाम म्हणायच्या आधीच घोडीनं मान खाली घातली आणि गाल त्यांच्या मांडीला टेकवला. मी गुडघे टेकले. अंगठा पापणीवर. बटण.

एकेचाळीस.

"वर घ्या तिला."

त्यांनी जीभ टाळूला लावून आवाज केला. घोडीनं मान वर घेतली. मी स्टुलावर चढले, या वेळी पापणीला हात न लावता. सव्वीस.

"पुन्हा सलाम."

चाळीस.

"आता तिचं तोंड दुसरीकडे फिरवा. डावा गाल तुमच्याकडे. सलाम."

घोडीला ही बाजू नवी होती, ती थोडी चुळबुळली. मग टेकली. मी तिच्या चांगल्या उजव्या डोळ्याला, ज्याला काहीही झालं नव्हतं त्या डोळ्याला, यंत्र लावलं. एकोणचाळीस.

मी तशीच मातीत बसून राहिले. माणसानं डोकं खाली घातलं की चेहऱ्यात रक्त चढतं, हे पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं. मान खाली, दोरी आखूड धरल्यानं गळपट्टा ताणलेला, आणि वरून माझा अंगठा डोळ्यावर. मी घोडीच्या डोळ्याचा दाब मोजत नव्हते. तिच्या सलामाचा मोजत होते.

"आता काय, बेटी?" चाचा म्हणाले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

मी उभी राहिले आणि घोडीची मान वर असताना तिच्या डाव्या डोळ्याकडे परवासारखाच हात उगारला. ती फुरफुरून दोन पावलं मागे सरली.

"दिसतं तिला," मी म्हणाले. "चाचा, दिसतं तिला. डोळा काढायचा नाही. माझं चुकलं."

मग त्यांना सगळं सांगितलं. खोक्यातून यंत्राचं पुस्तक काढलं. जनावराची मान वर आणि मोकळी असावी, गळ्याला ताण नसावा, पापणी उचलताना डोळ्यावर बोट दाबू नये, असं त्यात चित्रासकट दिलेलं होतं. यंत्र सुरू कसं करायचं ते पान मी वाचलं होतं, त्याच्या मागचं वाचलं नव्हतं. चाचा चित्राकडे पाहत राहिले. मग स्वतःच्या तळहाताकडे.

"म्हंजे माह्याच हातानं जानार होता तिचा डोया."

"नाही. माझ्या हातानं."

"सलामात पापनी हालवाची नाई, हे बी मीच शिकवलं तिले," ते म्हणाले. "लोक तोंडावर तांदूय फेकते ना." आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी तोंड घोडीच्या मानेत लपवलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. सून पदर तोंडाला लावून रडत होती. मला ना हसू आलं ना रडू. मी सिरिंज मोरीत रिकामी केली.

जाताना चाचा फाटकातून परत आले. मला वाटलं आता बोलतील. बोलायला हवं होतं. ते एवढंच म्हणाले, "बेटी, तुमी शेवटी एक डाव आखीन मोजलं, म्हून वाचला." निळसरपणा पुढे महिन्याभरात विरत गेला. जखमेची खूण होती ती, बाकी काही नव्हतं.

ते गेल्यावर मी न वापरलेली हत्यारं धुवायला घेतली. वाकडी कात्री हातात आली आणि मी नळ बंद केला. ती मी एकदाच वापरली होती. नाकपुड्या मातीला लागलेल्या. गळ्याला दोर. मान थोडी मोकळी करू काय?

चार दिवस मी तांड्यावर गेले नाही. कामं होती, असं मी स्वतःला सांगितलं. कामं नेहमीच असतात. पाचव्या दिवशी यंत्र पिशवीत टाकून निघाले.

बैलाच्या मालकाला फार आनंद झाला. त्यानं खाट टाकली, त्याच्या म्हाताऱ्या आईनं, तो तिला याडी म्हणायचा, मला गूळ घातलेला कोरा चहा दिला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. शेजारून दोघं-तिघं जमले. "याच त्या म्याडम," तो त्यांना सांगत होता. "यायनंच वाचवला आपला बैल." मी चहा तसाच खाली ठेवला. मी म्हटलं, "भाऊ, त्याचा राहिलेला डोळा एकदा मोजायचाय." डाक्टरीन स्वतःहून बैलाची चौकशी करायला आली म्हणून त्याला अजूनच भरून आलं. तो बैल घेऊन त्याच लिंबाखाली आला.

बैल आता शांत झाला होता. मालकानं शिंग नुसतं हातानं धरलं. मान मोकळी, वर. मी यंत्र लावलं. बावीस.

"चांगला आहे ना?" तो म्हणाला.

"चांगला आहे. आता त्याला त्या दिवशी बांधला होता तसा बांधा."

"काहून?"

"बांधा, भाऊ."

त्यानं बांधला. दोर बुंध्याशी खालून, नाकपुड्या मातीला. बैलाचा श्वास घरघरला. मी मोजलं आणि खिडकी त्याच्यापुढे धरली. त्रेचाळीस.

तो आकड्याकडे पाहत राहिला. "त्या डोयाले चव्वेचाळीस होता," तो म्हणाला. "मले याद आहे. मी समद्याईले सांगतलं होतं." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हा डोया त चांगला आहे ना? मंग याले काहून त्रेचाळीस?"

मी सांगितलं. आडवळण न घेता, घोडीची सगळी हकीकत, आणि मग त्याच्या बैलाची. आकडा दोराचा होता, डोळ्याचा नव्हता. "काटा लागला होता, तेव्हा डोळा कदाचित तसाही गेला असता," एवढं मी जोडलं, आणि ते वाक्य बोलल्याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटली. गेला असता की राहिला असता, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

जमलेले लोक एकेक करून निघून गेले. म्हातारीला मराठी फार समजत नव्हतं, ती अजून माझ्याकडे पाहून हसत होती.

"म्या तुमाले म्हनलं होतं," बैलाचा मालक म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मान मोकळी करू काय म्हून."

"हो."

"तुमी म्हनलं, बांधलेली राहू द्या."

"हो. म्हटलं होतं."

तो पुढे काही बोलेल म्हणून मी थांबले. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी त्या मुकाट घेतल्या असत्या. पण तो वाकला आणि त्यानं बुंध्याचा दोर सोडला. मी बैलाच्या डाव्या अंगाला, डोळा नसलेल्या बाजूला उभी होते. मोकळा झाल्याबरोबर त्यानं डोकं वर घेतलं, आणि शेजारी कोण उभं आहे ते पाहायला सगळी मान वळवून उजवा डोळा माझ्याकडे आणला.